सात वर्षे मोजायची कशी? ऑलिव्हिया डी हॅविलंड खटल्याची पार्श्वभूमी

स्टुडिओच्या करारातून सुटण्यासाठी न्यायालयात गेलेल्या हॉलिवुड अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांचा जन्म १९१६ साली टोकियोत, ब्रिटिश दांपत्याच्या पोटी झाला. वडील तेथे पेटंटविषयक वकिली करीत. १९१९ मध्ये आई दोन्ही मुलींसह कॅलिफोर्नियात आली आणि पुढे साराटोगा या लहानशा गावात स्थिरावली. वडील मात्र जपानला परतले. साराटोगाच्या हौशी नाट्यमंडळात १९३३ साली ऑलिव्हिया यांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले. पुढच्याच वर्षी हॉलिवुड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा भव्य प्रयोग ठरला. त्यात त्या हर्मिया या नायिकेच्या भूमिकेसाठीच्या केवळ बदली कलाकार होत्या, पण मूळ अभिनेत्री चित्रपटाच्या कामासाठी निघून गेल्यामुळे भूमिका त्यांच्याकडे आली, आणि त्या नाटकावरील चित्रपटाच्या निमित्ताने अठराव्या वर्षीच त्या वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी करारबद्ध झाल्या.

१९३५ नंतरचे साहसपट आणि १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मधील मेलनीची भूमिका यांची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मेलनीची भूमिकाही त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओने दिलेली नव्हती. त्यासाठी त्यांना दुसऱ्या निर्मात्याकडे पाठवावे लागणार होते आणि ती परवानगी मिळवण्यासाठी स्टुडिओप्रमुखाच्या पत्नीला मध्यस्थी घालावी लागली. परतल्यावर पुन्हा नायकाच्या शेजारी उभे राहण्याची तीच ती कामे वाट्याला येऊ लागली, तेव्हा त्या पटकथा नाकारू लागल्या.

नकाराची किंमत करारातच लिहिलेली होती. मे १९३६ पासून लागू झालेला त्यांचा करार एका वर्षाचा होता आणि तो आणखी सहा वेळा वाढवण्याचा अधिकार एकट्या स्टुडिओकडे होता. कलाकाराने भूमिका नाकारली की त्याला निलंबित करता येई आणि पगार बंद होई. शिवाय ती भूमिका दुसऱ्या कोणाकडून पूर्ण करून घेण्यास जो काळ लागेल, तोही निलंबनात धरता येई. असे साठलेले दिवस मग कराराच्या शेवटी जोडले जात. थोडक्यात, जितके नकार अधिक तितकी बांधिलकी लांब. मे १९४३ मध्ये डी हॅविलंड यांची सात वर्षे भरली, तेव्हा स्टुडिओने सुमारे सहा महिने अजून देणे असल्याचे कळवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या न्यायालयात गेल्या.

वाद कायद्यातील मुदतीचा होता. व्यक्तिगत सेवेचा करार ठरावीक काळापलीकडे नोकरावर लादता येणार नाही, ही तरतूद कॅलिफोर्नियात १८७२ पासून होती. ती मर्यादा आधी दोन वर्षांची होती, १९३१ मध्ये ती सात झाली आणि १९३७ मध्ये तरतूद कामगार संहितेत गेली. स्टुडिओचे म्हणणे असे, की सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष काम केलेली सात वर्षे, त्यामुळे निलंबनाचा काळ त्यांतून वजा व्हावा. हा अर्थ मान्य केला असता तर मर्यादेला मर्यादा म्हणण्यात काहीच स्वारस्य उरले नसते, कारण ती किती लांबवायची हे मालकच ठरवणार होता. अपील न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये खालच्या न्यायालयाचा डी हॅविलंड यांच्या बाजूचा निकाल कायम केला आणि सात वर्षे पंचांगानुसारच मोजायची, असे ठरवले. करारावर सही करून कलाकाराने हा हक्क सोडला, हा युक्तिवादही टिकला नाही: लोकहितासाठी केलेला कायदा खासगी कराराने गुंडाळून ठेवता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिल्यावर हा प्रश्न मिटला.

दरम्यान स्टुडिओने इतर निर्मात्यांना पत्रे धाडून डी हॅविलंड यांना काम देऊ नये, असे बजावले होते. जवळजवळ दोन वर्षे त्या पडद्यापासून दूर राहिल्या. १९४६ आणि १९४९ च्या चित्रपटांसाठी मिळालेली दोन ऑस्कर पारितोषिके याच सुटकेनंतरची आहेत. मात्र या एका निकालाने स्टुडिओंची सत्ता संपली असे जे सरसकट लिहिले जाते, ते अतिरंजित वाटते. चित्रगृहांची मालकी सोडायला लावणारा १९४८ चा निकाल आणि पाठोपाठ आलेले दूरचित्रवाणीचे आव्हान यांचा वाटा त्यात मोठा आहे.

सात वर्षांच्या मर्यादेचे हे कलम आज अधिक गाजते ते संगीतक्षेत्रात. १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रण कंपन्यांना एक वेगळी वाट मिळाली: सात वर्षांनंतर गायक करार सोडू शकतो, पण कबूल करूनही न दिलेल्या अल्बमांबद्दल कंपनी त्याच्याकडे नुकसानभरपाई मागू शकते.