टेबलाचा रेटा ही वजनाची प्रतिक्रिया नव्हे

टेबलावर पुस्तक ठेवलंय. वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे, म्हणून पुस्तक जागचं हलत नाही. ही संतुलित बलं. ती सगळ्यांना येतात, त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ पुढच्या वाक्यात होतो: ‘म्हणजे वजन ही क्रिया आणि टेबलाचा रेटा ही तिची प्रतिक्रिया.’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दिसतं, गाईडांत दिसतं, फळ्यावरही दिसतं. ते साफ चूक आहे. दोन्ही बलं सारखी आहेत आणि उलट दिशांनी आहेत, एवढ्यावरून न्यूटनचा तिसरा नियम (एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच बल दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते) लावून मोकळं व्हायचं नसतं.

तिसऱ्या नियमातली जोडी ओळखायला व्याकरण पुरतं. बलाचं पूर्ण वाक्य लिहा आणि कर्ता-कर्माची अदलाबदल करा. वजन म्हणजे ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’. उलटं केलं की ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’. झाली जोडी. टेबल यात कुठेच नाही! टेबलाच्या रेट्याची जोडी वेगळी: ‘टेबल पुस्तकाला रेटतं’ आणि ‘पुस्तक टेबलाला रेटतं’. पहिल्या जोडीत दोन्ही बलं गुरुत्वाकर्षणाची, दुसरीत दोन्ही स्पर्शाची. जोडीत एक बल या जातीचं आणि दुसरं त्या जातीचं, असं होतच नाही.

अजून पटत नसेल तर तेच पुस्तक लिफ्टमध्ये जमिनीवर ठेवा. पुस्तक १ किलोचं, लिफ्ट वरच्या दिशेने २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाली. वजन ९.८ न्यूटनच राहिलं, पण लिफ्टच्या तळाचा रेटा ११.८ न्यूटन झाला. हे दोघं क्रिया-प्रतिक्रिया असते, तर लिफ्ट सुटताक्षणी तिसरा नियम मोडला असता. तो मोडत नाही. पुस्तकही तळाला ११.८ न्यूटननेच दाबतं आणि पृथ्वीला ९.८ न्यूटननेच ओढतं. संतुलन बिघडतं, जोडी कधीच बिघडत नाही.

टेबल झटकन काढून घेतलं तरी तेच. रेटा गेला, वजन राहिलं, पुस्तक पडू लागलं. पडतानाही ते पृथ्वीला ओढतच असतं. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलो असल्याने तिचं त्वरण कुणाला कळत नाही, इतकंच.

मला ‘क्रिया’ आणि ‘प्रतिक्रिया’ हे शब्दच खटकतात. आधी एक घडतं आणि मग दुसरं उत्तर देतं, असं त्यातून वाटतं. दोन्ही बलं एकाच क्षणी असतात आणि कुणालाही क्रिया म्हटलं तरी चालतं. मी वर्गात ‘बलांची जोडी’ एवढंच म्हणतो.

हा घोळ निस्तरला की घोडागाडीचं कोडंही उरत नाही. घोडा गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी घोड्याला मागे ओढते, मग गाडी हलते कशी? ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, त्यांची बेरीज करून शून्य काढायचंच नाही. गाडीचा हिशोब मांडताना फक्त गाडीवरची बलं घ्या: घोड्याची ओढ पुढे, घर्षण मागे. ओढ जास्त असेल तर थांबलेली गाडी चालू लागते. घोड्याचा हिशोब वेगळा. तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, आणि तो रेटा गाडीच्या ओढीपेक्षा मोठा असेल तर घोडा निघतो.