किनाऱ्याची वाट: बांध, फेरीबोट आणि मर्यादवेल

गोव्यात किनाऱ्याने चालायला आणि सायकल चालवायला सलग वाट असावी, ही मागणी आता वारंवार ऐकू येते. मिरामारला पहाटे फेरी मारणारे, रविवारी पणजीहून दोना पावलला सायकलने जाणारे, पेडणे-काणकोणात घरगुती पाहुणचारावर संसार चालवणारे, असे वेगवेगळे लोक ती करतात. चित्र मात्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच असतं: फरशा घातलेला पट्टा, कडेला दिवे, मधूनमधून बाक. हे चित्र इथल्या मातीतून उगवलेलं नाही. या किनाऱ्याला स्वतःच्या वाटा होत्या, त्यांतल्या कित्येक अजून आहेत. त्या कोणी बांधल्या, कोणी राखल्या आणि कशा बुजल्या, हे समजून न घेता नवं काम काढलं तर पैसा वाळूत जाईल, अशी मला खरोखरच भीती वाटते.

आधी भूगोल. तेरेखोलपासून पोळ्यापर्यंत गोव्याचा किनारा सरळ मोजला तर सुमारे 105 किलोमीटर भरतो. पण तो सलग नाही. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या नद्यांची मुखं त्याचे तुकडे करतात, आणि मधे मधे जांभ्याचे कडे थेट पाण्यात उतरतात. म्हणजे किनाऱ्याने जाणारा माणूस दर काही कोसांवर नदीकाठी थांबायचाच. होडीची वाट बघणं हा प्रवासाचाच भाग होता. पुढे होडीच्या जागी फेरीबोट आली. केरीहून तेरेखोलला, पणजीहून बेतीला, रायबंदरहून चोडणला ती आजही जाते.

पूल झाले तेव्हा गाड्यांची सोय झाली, चालणाऱ्याचा विचार मागे पडला. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीचा आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट जुनी माणसं अजून सांगतात. 2019 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, तोही दुचाक्यांना वर्ज्य. म्हणून किनारी वाटेचा आराखडा करणाऱ्याने नद्यांपाशी नवा पूल आखण्याआधी फेरीबोटीचं वेळापत्रक पाहावं. धक्क्यावर सावली, पिण्याचं पाणी आणि सायकल चढवताना घसरणार नाही असा उतार, एवढं केलं तरी किनाऱ्याचे दोन तुकडे जोडले जातात.

माणसाने मुद्दाम बांधलेल्या वाटांमधली सर्वांत ठळक म्हणजे पणजी ते रायबंदर हा कॉजवे. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस याच्या काळात, 1633-34 च्या सुमारास तो बांधला गेला. म्हणून त्याचं नाव पोंत द लिन्यारिस. खाजण, खारफुटी आणि चिखलातून सुमारे 3 किलोमीटर जांभ्या दगडाचा रस्ता त्या काळात काढणं ही सोपी गोष्ट नव्हती. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती, पणजी म्हणजे दलदलीच्या कडेचं गाव. पणजी रीतसर राजधानी झाली ती 1843 मध्ये, पण तिच्याकडे जाणारी वाट दोनशे वर्षं आधीच तयार होती. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि खाली पाण्याला ये-जा करायला ठेवलेल्या मोऱ्या. जवळजवळ चारशे वर्षं हा रस्ता भरती-ओहोटी झेलत उभा आहे, याचं श्रेय मी त्या मोऱ्यांना देतो. बांधणाऱ्याने पाणी अडवलं नाही, त्याला जायला जागा ठेवली. आज त्यावरून इतक्या गाड्या धावतात की पायी जाणाऱ्याला अंग चोरून चालावं लागतं. सायकलवाला तर जीव मुठीत धरूनच जातो. ही जुनी किनारी वाट चालण्याजोगी करणं हे पहिलं काम असायला हवं.

पणजीचा दुसऱ्या टोकाकडचा भाग, कांपाल, हाही भराव टाकूनच मिळालेला. 1827 ते 1835 या काळात कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रु या व्हाइसरॉयने दलदल बुजवून शहर आखायला घेतलं. नदीकाठची आजची झाडी, फुटपाथ आणि मिरामारपर्यंतची मोकळी चाल त्याच आखणीवर उभी आहे.

पण राज्यकर्त्यांनी बांधलेल्या या दोन-तीन वाटा सोडल्या तर गोव्याची खरी पायवाट खाजणाच्या बांधावरून जाते. हा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण पर्यटनाच्या पुस्तिकांत तो येत नाही.

खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याखालून काढून घेतलेली जमीन. समुद्रसपाटीच्या आसपास, कधी भरतीच्या पातळीच्याही खाली. राज्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे आणि पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ती गावकऱ्यांनी राखली आहे. बाहेरचा बांध चिखलाचा, जागोजागी जांभ्याचे चिरे रचलेला, पुढ्यात लाटांचा मार खायला खारफुटी. बांधात एका ठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी फळी आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. कुणी चाक फिरवायचं नाही, बटण दाबायचं नाही. आत खाऱ्या पाण्याला तोंड देणारा कोरगुट भात, पोयीत म्हणजे आतल्या तळ्यात मासे, कडेला मिठागर.

या बांधाची रुंदी एक-दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी, कारण तो चालण्यासाठीही होता. खेकड्याने बीळ केलं की त्यातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता भोक मोठं होतं आणि एका अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडते. ती टाळायची तर कुणीतरी रोज बांधावरून फिरलं पाहिजे. म्हणजे वाट माणसाला चालवत होती आणि चालणारा माणूस वाट राखत होता. रायबंदरच्या पलीकडे चोडण बेटावर फेरीतून उतरलं आणि सकाळी सातच्या सुमारास बांध धरला, तर हे अजूनही पायाखाली जाणवतं. मधला पट्टा पावलांनी घट्ट झालेला, कडा भुसभुशीत, ताज्या चिखलाचे गोळे थापलेली एखादी जागा अजून ओली. तिथे सायकल वरून न्यायची नाही, उतरून हातात धरायची, हे कुणी सांगावं लागत नाही. याच बेटावर 1988 पासून सालिम अली पक्षी अभयारण्य आहे.

बांध राखण्याचा खर्च गावकारी म्हणजे कोमुनिदाद, गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, उचलत असे आणि मानशीवरच्या मासेमारीच्या पावणीतून म्हणजे लिलावातून त्याला हातभार लागे. मुक्तीनंतर 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते न्याय्यच होतं. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. मानशीतल्या माशांना भातापेक्षा जास्त भाव येऊ लागला तेव्हा दारं हवी तशी उघडी ठेवली जाऊ लागली, खारं पाणी आत शिरलं, शेतं पडीक झाली. शेत पडीक पडलं की बांधावरून रोज चालणारा माणूसही गेला. त्यामागून वाट गेली.

सायकलीचंही तसंच. गोव्यात सायकल ही हौसेची वस्तू नव्हती. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत पाव, पोळी, कांकणं घेऊन येणारा पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरच यायचा, अजूनही येतो. मागच्या कॅरियरला बांधलेली मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, आणि रबरी भोंग्याचा तो आवाज ऐकून कप हातात घेऊन दारात आलेली घरातली माणसं. किनारी सायकलमार्गाची चर्चा होते तेव्हा या माणसाचं नाव कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. गावातून रोज सायकल चालवणारा तोच आहे. खड्डा कुठे आहे, कुठल्या वळणावर पर्यटकांची भाड्याची गाडी अंगावर येते, हे त्याला पाठ असतं.

आता किनाऱ्याकडे. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले ते कळंगुट, हणजूण, वागातोरला, आणि बागा ते हणजूण डोंगरावरची पायवाट तेव्हापासून परक्यांच्याही पायाखाली आली. हॉटेलं आली सत्तरच्या दशकात. 1983 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले आणि त्यानंतर किनाऱ्यालगतच्या जमिनीची किंमत बदलली. त्याआधीच, 27 नोव्हेंबर 1981 रोजी, इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका असं कळवलं होतं. त्याच विचारातून 19 फेब्रुवारी 1991 ची सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. पुढे 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली. किनारी वाटेचा प्रत्येक आराखडा आज या नियमांच्या चाळणीतून जातो.

किनारा मोकळा असून भागत नाही, तिथपर्यंत पोचायची वाटही मोकळी लागते. दोना पावलजवळच्या वायंगिणीच्या पुळणीवर जाणारी लोकांची वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2009 मध्ये निकाल लागला: लोकांचा जाण्याचा हक्क राहिला पाहिजे. सरकार अशा नैसर्गिक संपत्तीचं मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालात ठामपणे मांडलं गेलं. गावोगावच्या छोट्या वाटांसाठी 1966 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. पारंपरिक वाट कुणी कुंपण घालून बंद केली तर मामलेदाराकडे दाद मागता येते. माडांच्या बागेतून पुळणीवर उतरणारी, दोन घरांच्या गडग्यांमधली ती हातभर रुंद पाणंद, रापणकार जाळं खांद्यावर घेऊन जिथून जायचे, ती जागा विकली गेली की पहिल्यांदा तिथे फाटक बसतं. किनाऱ्यालगतचा सुंदर मार्ग बांधला आणि गावातून त्यावर उतरायला वाटच उरली नाही, तर तो हॉटेलात उतरलेल्यांचा मार्ग होईल.

पुळणीवर उतरल्यावर दुसरा प्रश्न येतो, बांधायचं कशावर. वेळसांवपासून मोबोरपर्यंत सासष्टीची पुळण पंचवीसेक किलोमीटर सलग आहे. सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू इतकी घट्ट बसते की सायकल तिच्यावरून नीट चालते. ती वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यामुळे घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक जवळ असावं. इथे निसर्गानेच वाट दिली आहे, काही बांधायची गरज नाही.

वरच्या अंगाला वाळूचे टेप म्हणजे टेकाडं असतात. त्यांच्यावर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली दिसते, पानं आपट्यासारखी दुभंगलेली. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती उगवते आणि वाऱ्याने उडणारी वाळू आपल्या आडव्या मुळांनी धरून ठेवते. तिच्यामागे केवडा, मग सुरूची झाडं, मग माड. टेप म्हणजे पावसाळ्यातल्या उधाणासाठी साठवलेली वाळू. जूनमध्ये समुद्र ती ओढून नेतो, ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून टाकतो. त्यावर काँक्रीट किंवा फरशा घातल्या की देणं-घेणं थांबतं. आधी फरशीखालची वाळू जाते, मग फरशी, मग मागची जमीन. कांदोळीत 2000 च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस हे जहाज रुतून बसलं आणि 2012 पर्यंत तिथेच राहिलं. एका ठिकाणी अडथळा उभा राहिला की पुळण कशी खंगते, हे तिथल्या लोकांनी बारा वर्षं पाहिलं.

2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. वाळूच्या टेपांवर काहीही करायचं नाही, खाजणात विकासकामं नाहीत, आणि मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या जागा राखायच्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मोरजीला कासविणी रात्री वर येतात आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात. त्यांच्यासाठी उजेड समुद्राकडे हवा, गावाकडे नको. आराखड्यातले शोभेचे दिवे तिथे चालणार नाहीत.

पणजीत काही प्रयत्न झाले आहेत. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत शहराचं नाव आल्यावर मळा या वस्तीजवळच्या ओरेम खाडीत खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट झाली. जमिनीपासून वर, खांबांवर उभी, खालून पाणी आणि खेकडे मोकळे. ही पद्धत मला पटते. फळ्या मात्र कुजतात, खिळे गंजतात, कठडे सैल होतात, आणि बांधून झाल्यावर त्यांच्याकडे कुणी फिरून बघत नाही. वाट सुधारायची म्हणजे दर वर्षी थोडे थोडे पैसे, एक ठरलेला माणूस आणि त्याला ओळखणारं गाव. खाजणाच्या बांधाला हे सगळं होतं.

बांधाची डागडुजी नेहमी मे महिन्यात व्हायची. चिखल उन्हात आवळला पाहिजे आणि मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत मानशीची फळी घासून बसवून झाली पाहिजे, हे त्यामागचं कारण. निविदा मार्चअखेरीला निघून काम जूनमध्ये सुरू होणार असेल, तर किनाऱ्यावर ते एका पावसाळ्याच्या पलीकडे टिकणार नाही.