इंडिकेटर बंद पडला? आधी टिकटिक ऐका
(जुनी गाडी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दोन-चार मोठे पाऊस झाले की मारुती ८००, ओम्नी, ॲम्बेसेडर, क्वचित एखादी जपून ठेवलेली पद्मिनी आमच्या दारात येते आणि मालक म्हणतात, "इंडिकेटर लागत नाही, फ्लॅशर बदलून द्या." फ्लॅशर, म्हणजे टिकटिक करत दिवा लुकलुकवणारी छोटी डबी, आम्ही जरूर बदलून देऊ. पण बहुतेक वेळा बिघाड तिथे नसतोच, आणि न बिघडलेल्या वस्तूचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. म्हणून गाडी आणण्याआधी एवढं बघा.

चावी ऑन करा. डावा इंडिकेटर लावा, मग उजवा. दोन्हीकडची टिकटिक कान देऊन ऐका.

एका बाजूची टिकटिक नेहमीसारखी आणि दुसरीची बदललेली असेल, तर बदललेल्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला आहे असं समजा. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची एक पट्टी असते. करंटने ती तापते आणि संपर्क उघडतो-मिटतो. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेणारा. दोन बल्बांचे साडेतीन अँपिअर. एक गेला की करंट निम्म्यावर येतो, पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा लुकलुकायचा सोडून नुसता लागून राहतो, नाहीतर अगदी संथ चालतो. नंतरच्या गाड्यांतला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतो, बल्ब गेला की तो घाईघाईने टिकटिकतो. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवला तरी हेच होतं, कारण एलईडी करंट फारच कमी घेतो. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. घड्याळ लावून मोजून पाहा.

नवा बल्ब घालूनही लागत नसेल, तर अर्थिंग, म्हणजे करंट बल्बमधून गाडीच्या बॉडीत परत जाण्याची जोडणी. जुन्या गाडीचा खरा आजार हाच. मागच्या लाइटच्या काचेची रबरी पट्टी कडक होते, पाणी आत झिरपतं, होल्डरवर हिरवट थर चढतो आणि जिथे काळी वायर बॉडीला स्क्रूने आवळलेली असते तिथे गंज धरतो. मग करंटला परतीची वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर थांबत असेल, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही मंद लुकलुकत असेल, तर फ्लॅशरला हातही लावू नका. होल्डर आणि तो स्क्रू पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वर थोडं व्हॅसलीन लावा. पुष्कळ गाड्या एवढ्यावर सुरू होतात.

दोन्ही बाजू ठप्प असतील, टिकटिकही नसेल, तर हॅझार्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावण्याचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर आणि हॅझार्डचा फ्लॅशर एकच असतो. अशा गाडीत हॅझार्ड चारही दिवे नीट लुकलुकवत असेल, तर फ्लॅशर आणि बल्ब ठीक आहेत. दोष इंडिकेटरच्या फ्यूजचा किंवा स्टिअरिंगखालच्या लिव्हरचा. लिव्हर वर-खाली हळूच हलवल्यावर मध्येच दिवा लागला, तर आतले संपर्क झिजलेत. ते काम आमच्यावर सोडा, त्यासाठी बहुधा स्टिअरिंग व्हील उतरवावं लागतं.

फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा जळाला, तर बहुधा कुठेतरी वायर बॉडीला घासून सोलली आहे. जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. हात जोडून सांगतो, असं कधीही करू नका. फ्यूज जळायचा तिथे मग वायरिंग जळतं आणि गाडीत तुमची माणसं बसलेली असतात.

येताना आम्हाला तीनच गोष्टी सांगा: कोणती बाजू, टिकटिक कशी, हॅझार्ड चालतो का. निम्मी शोधाशोध वाचते.

दुरुस्ती होईपर्यंत हाताने इशारा द्या. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर आडवा धरा. डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवा. अंधारात हा हात मागच्याला दिसत नाही, त्यामुळे गाडी दिवसाउजेडीच आणा.