झुडपांची पाने : शहरी वायुप्रदूषणाचे जैवसूचक

शहराच्या हवेत कोणती प्रदूषके आहेत आणि त्यांचा सजीवांवर काय परिणाम होत आहे, याचा अंदाज झुडपांच्या पानांवरून घेण्याच्या पद्धतीला जैवसूचक पद्धती म्हणतात. वृक्षांच्या तुलनेत झुडपांची पाने या कामी सोयीची असतात, कारण ती वाहनांच्या धुराच्या आणि पादचाऱ्यांच्या श्वासाच्या पातळीवर असतात व शिडीशिवाय तोडता येतात. शिवाय रस्तादुभाजक आणि उद्याने यांमध्ये कण्हेर, जास्वंद, बोगनवेल, तगर अशा मोजक्याच जाती पुन्हा पुन्हा लावलेल्या असल्याने दोन ठिकाणांची तुलना करणे सोपे जाते. वनस्पतींवरून हवा पारखण्याची कल्पना मात्र जुनी आहे. फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील दगडफुलांवरून तसे निरीक्षण नोंदवले होते.

डोळ्यांना दिसणारी लक्षणे हा पहिला पुरावा होय. सल्फर डायऑक्साइडमुळे शिरांमधला भाग फिकट पडून वाळतो, फ्लोराइडमुळे टोके व कडा करपतात, तर ओझोनमुळे पानाच्या वरच्या बाजूवर बारीक ठिपके उमटतात. तथापि पाण्याचा ताण, मॅग्नेशियमची कमतरता आणि कोळी कीड यांचीही लक्षणे बरीचशी अशीच दिसतात, त्यामुळे केवळ रंगावरून निदान करणे धोक्याचे आहे.

अधिक भरवशाचा पुरावा पानावर साचलेल्या द्रव्यांतून मिळतो आणि त्यासाठी कण्हेर हे उत्तम उदाहरण आहे. तिची पाने सदाहरित व चिवट असून त्यांवर जाड उपत्वचा, म्हणजे मेणचट आवरण असते. पर्णरंध्रे, म्हणजे पानाची सूक्ष्म छिद्रे, पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असतात. विषारी असल्यामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, ही गोष्ट दुभाजकांवर लागवड करणाऱ्यांइतकीच नमुने गोळा करणाऱ्यांच्याही पथ्यावर पडते. तुर्कस्तानातील अंतल्या परिसरात कण्हेरीच्या पानांतील शिसे व इतर जड धातू मोजून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांत काही पाने धुऊन आणि काही न धुता तपासतात. दोहोंतील फरकावरून पृष्ठभागावर बसलेल्या धुळीचा वाटा कळतो. धुतल्यानंतर उरलेला धातू मात्र हवेतून आला की मुळांवाटे मातीतून, हे ठरवण्यासाठी झुडपाखालच्या मातीचेही पृथक्करण करावे लागते.

तिसरा मार्ग पानाच्या अंतर्गत रसायनाचा आहे. एस. के. सिंग आणि डी. एन. राव यांनी १९८३ मध्ये मांडलेला वायुप्रदूषण सहिष्णुता निर्देशांक भारतात फार वापरला जातो. त्यात एकूण हरितद्रव्य आणि पानाच्या अर्काचा सामू (आम्लतेचे माप, pH) यांच्या बेरजेला ॲस्कॉर्बिक आम्लाच्या (क जीवनसत्त्वाच्या) प्रमाणाने गुणतात, गुणाकारात पानातील सापेक्ष जलांशाची टक्केवारी मिळवतात आणि आलेल्या संख्येला १० ने भागतात. ॲस्कॉर्बिक आम्ल प्रदूषकांमुळे होणाऱ्या ऑक्सिडीकरणापासून पेशींचे रक्षण करते, म्हणून सूत्रात त्याला मोठे वजन आहे. हा निर्देशांक हवेचे नव्हे, तर वनस्पतीच्या सहनशक्तीचे माप आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. ज्या जातीचा निर्देशांक कमी ती संवेदनशील, म्हणून सूचक म्हणून उपयोगी. ज्या जातीचा जास्त ती हरितपट्ट्यात लावण्यास योग्य. एकच झुडूप दोन्ही कामांसाठी सारखेच योग्य असल्याची शिफारस म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

पानांवरून प्रदूषकाची प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममधील पातळी थेट सांगता येत नाही. त्यासाठी मापनयंत्रच लागते. यंत्र बसवणे परवडत नाही अशा अनेक ठिकाणांची आपसांत तुलना करणे हे पानांचे खरे काम होय. त्यासाठी नमुने एकाच जातीचे, सारख्या वयाचे, सारख्या उंचीवरचे आणि एकाच ऋतूतले असावे लागतात, व शहराबाहेरच्या स्वच्छ जागेवरील पानेही तुलनेसाठी घ्यावी लागतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या सरी पानांवरची धूळ धुऊन नेतात. त्यामुळे पृष्ठभागावरील धुळीच्या अभ्यासासाठी हिवाळा आणि उन्हाळा हेच सोयीचे काळ ठरतात, आणि अवकाळी पाऊस पडून गेल्यास पाने पुन्हा धुळीने भरेपर्यंत थांबावे लागते.