चितळे समिती (मुंबई पूर, २००५)

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या महापुराची कारणे शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने नेमलेली सत्यशोधन समिती. अध्यक्ष जलतज्ज्ञ माधवराव चितळे. अहवाल २००६ मध्ये सादर झाला.

त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. दुपारच्या एकाच तासात सुमारे १९० मिमी. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, दिवसभरात जेमतेम ७५ मिमी. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला दरड कोसळून गाडल्या गेलेल्यांचाही त्यात समावेश आहे.

एवढा पाऊस कोणत्याही शहराला झेपला नसता, हे खरेच. मात्र पाऊस किती आणि माणसाची करणी किती, हे वेगळे काढणे हेच अशा चौकशीचे खरे काम असते. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल, असे गृहीत धरलेले. सिमेंट-डांबराने झाकलेल्या शहरात ते मुरणार कुठे? आणि २६ जुलैला दुपारी नेमकी मोठी भरती होती.

दुसरे कारण मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाने तिला काटकोनात वळायला लावले, झोपड्या व कारखान्यांनी काठ गिळले, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने खाडीचे मुख आवळले आणि तिवरांची जागा गेली. तिला नदी म्हणून ओळखणारेही थोडेच उरले होते; बहुतेकांच्या लेखी तो नाला होता.

यातले बरेच नवे नव्हते. तासाला ५० मिमी पाऊस वाहून नेतील अशा वाहिन्या बांधा आणि सारे पाणी वाहूनच येणार असे धरून चाला, अशी शिफारस महापालिकेच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ (मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्याचा आराखडा) अहवालाने १९९३ मध्येच केली होती. मधली बारा वर्षे निधीची वाट पाहण्यात गेली. चितळे समितीच्या अहवालातली सर्वांत बोचणारी बाब हीच म्हणावी लागेल.

समितीने मिठीचे पात्र रुंद व खोल करणे, अतिक्रमणे हटवणे आणि शहरभर पर्जन्यमापकांचे जाळे उभारणे सुचवले. कुलाबा व सांताक्रूझ या दोन केंद्रांतील आकड्यांची तफावत पाहता शेवटच्या सूचनेचे मोल कळते. स्वयंचलित पर्जन्यमापके लवकरच बसली. मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण तर अहवालाआधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, स्थापन झाले होते.

अशी समिती शासन निर्णयाने नेमली जाते. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखालील आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात आणि त्याचा अहवाल कृती अहवालासह (शासनाने त्यावर काय केले याच्या निवेदनासह) सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. सत्यशोधन समितीच्या शिफारशींमागे असे कायद्याचे बळ नसते.

भरतीच्या वेळी पाणी समुद्रात उपसण्यासाठी ‘ब्रिमस्टोवॅड’मध्ये आठ उदंचन केंद्रे ठरली होती. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला ३३१ मिमी पाऊस झाला, लोकल थांबल्या, सखल भाग पुन्हा बुडाले; तेव्हा गझदरबंध, मोगरा आणि माहुल ही तीन केंद्रे बांधून झालेली नव्हती.