जुन्या धुराड्याचा ब्रश : पार्श्वभूमी

जुने विटांचे धुराडे साफ करण्याची साधने निवडताना आतली नळी किती रुंद आहे आणि ती कोठे वळते, हे आधी पाहावे लागते. ब्रिटनमध्ये याच दोन गोष्टींच्या आडून, साधने उपलब्ध असतानाही, कित्येक दशके लहान मुलांना धुराड्यांत चढवले गेले.

दगडी कोळशाच्या शेगडीचा धूर जोराने वर ओढला जावा म्हणून तेथील धुराडी अरुंद बांधली जात. १४ इंच बाय ९ इंच हे माप सर्रास आढळे आणि काही नळ्या तर जेमतेम ९ इंची चौकोनी असत. अनेक खोल्यांच्या नळ्या वर एकत्र आणण्यासाठी त्यांना वळणेही द्यावी लागत. हातात ब्रश आणि खरवडणी घेतलेले मूल कोपर आणि गुडघे भिंतीला रेटत वर सरके. कोपर-गुडघ्यांची कातडी निबर व्हावी म्हणून मुलाला धगधगत्या विस्तवाजवळ उभे करून तिच्यावर तीव्र मिठाचे पाणी चोळले जाई. या धंद्यातल्या लोकांना होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच दाखवून दिला होता.

जॉर्ज स्मार्टचे यंत्र १८०३ मध्ये आले. त्यात पोकळ नळकांडी दोरीत ओवून ताणली जात आणि टोकाचा ब्रश छत्रीसारखा उघडे. जोसेफ ग्लासने १८२८ मध्ये सुधारित यंत्र विक्रीस आणले; आजच्या ब्रशचे जनकत्व त्यालाच दिले जाते. वळणांत लवणाऱ्या, एकमेकींत फिरवून बसवायच्या वेताच्या काठ्या आणि टोकाला गोल ब्रश ही रचना पुढे रूढ झाली. तरीही वळणांत यंत्र चालत नाही, ही सबब टिकून राहिली. माझ्या मते खरे कारण मुले स्वस्त पडत, हेच होते. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला धुराड्यात चढवण्यास बंदी घातली, पण ती राजरोस मोडली गेली. १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून दगावला; त्याच वर्षी समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांनी या व्यवसायासाठी परवाना सक्तीचा झाला आणि त्यावर पोलिसांची देखरेख आली.

जर्मनीत आणि स्कॉटलंडमध्ये छपरावरून दोरीला जड गोळा आणि ब्रश बांधून खाली सोडण्याची पद्धत होती. सरळ नळीत ती उत्तम चालते.

आता वेताची जागा बहुधा प्लास्टिकच्या लवचीक काठ्यांनी घेतली आहे. विटांच्या नळीला राठ केसांचा, तर आत पोलादी अस्तर असल्यास प्लास्टिकच्या केसांचा ब्रश वापरतात, कारण राठ तारांनी अस्तरावर ओरखडे पडतात. काठ्या मात्र घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने फिरवाव्या लागतात. उलट फिरवल्यास सांधा सुटतो आणि ब्रश वरच अडकून राहतो.