पोच आणि प्रतिसाद: ‘ओके’ आलं म्हणजे कळलं असं नव्हे

‘१४ तारखेची गाडी आहे, रात्री सव्वाबाराची. स्टेशनवरच भेटू.’ खाली तीन अंगठे, एक ‘ओके’, एक ‘डन’. त्यातला एक जण १४ तारखेला रात्री जेवूनखाऊन, बॅग घेऊन फलाटावर हजर होतो, तेव्हा गाडी सुटून जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते, आपली झोपून उठल्यावर. मग भांडण ठरलेलं: ‘अरे, तू ओके म्हणालास ना!’ म्हणाला होता, खरंच म्हणाला होता. पण ती पोच होती. पाठवणाऱ्याने ती प्रतिसादाच्या खात्यात जमा करून घेतली.

संज्ञापनाचे, म्हणजे एकाने सांगणं आणि दुसऱ्याला ते पोचणं याचे, घटक शिकवताना फळ्यावर एक आकृती काढतात. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, मधे कुठेतरी अडथळा, आणि ग्राहकाकडून प्रेषकाकडे उलटा जाणारा एक बाण. त्या बाणावर लिहितात ‘प्रतिसाद’. जड परिभाषा आवडणारे ‘प्रत्याभरण’ लिहितात. इथवर ठीक. पण त्या बाणाचं उदाहरण म्हणून ‘मान डोलावणे’, ‘पत्राची पोच देणे’ असं काहीतरी खरडलं जातं आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. परीक्षेत पाच मार्क मिळतात, आणि मुलगा पुढे नोकरीला लागला की वरिष्ठांनी काहीही सांगितलं तरी ‘येस सर’ म्हणून मान डोलावतो.

पोच म्हणजे काय ते मराठी माणसाला शिकवायला नको. सरकारी कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा, तारीख आणि सही बघायची, ती प्रत जपून ठेवायची, हे आपल्या हाडीमाशी मुरलंय. शिक्का सांगतो एवढंच की कागद अमुक दिवशी इथे आला. अर्ज वाचला, समजला किंवा मान्य झाला, यातलं काहीही तो सांगत नाही. म्हणून पोच बिनकामाची ठरत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तरासाठी ३० दिवस मोजतात ते अर्ज मिळाल्यापासून, त्यामुळे तिथे ती तारीखच सगळं काही असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणाही याच जातीच्या. एक करडी खूण म्हणजे संदेश निघाला, दोन करड्या म्हणजे फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे उघडला गेला. चौथी, ‘समजला’ची खूण तिथे नाही. कुठलंच यंत्र ती देऊ शकत नाही.

आता प्रतिसाद. ऐकणाऱ्याने तुमच्या बोलण्याचा जो अर्थ स्वतःच्या डोक्यात लावला, तो तुमच्याकडे परत येणं म्हणजे प्रतिसाद. तो अर्थ परत आला की तुमच्या मनातल्या अर्थाशी ताडून बघता येतो आणि चुकला असेल तर वेळेत दुरुस्त करता येतो. त्या उलट्या बाणाचं एवढंच काम. कल्पना मुळात यंत्रं आपोआप ताब्यात ठेवण्याच्या शास्त्रातली, तिला ‘फीडबॅक’ म्हणून सगळीकडे नेलं ते अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनरच्या ‘सायबरनेटिक्स’ या पुस्तकाने, १९४८ मध्ये. गीझरमधलं पाणी किती तापलं हे परत कळतं म्हणून गीझर वेळेवर बंद होतो. पाण्याने ‘उष्णता मिळाली, धन्यवाद’ असं कळवून काही होत नाही. त्याच वर्षी अमेरिकन अभियंता क्लॉड शॅनननेही आपली प्रसिद्ध आकृती मांडली, जिच्यावरून आपल्या फळ्यावरची आकृती उतरली. तिच्यात सगळे बाण एकाच दिशेने जातात. शॅननला टेलिफोनच्या तारांची चिंता होती आणि अर्थाचा प्रश्न आपल्या कामाबाहेरचा आहे, हे त्याने तिथेच स्पष्ट लिहून ठेवलं होतं. माणसांच्या आकृतीत उलटा बाण नंतर जोडावा लागला तो अर्थासाठी. त्यावर पुन्हा पोच लिहायची असेल तर तो बाण जोडलाच कशाला?

दोन्हींत फरक करायची कसोटी सोपी आहे. आलेलं उत्तर काहीही न समजतासुद्धा देता आलं असतं का? आलं असतं, तर ती पोच. ‘ओके’, ‘हो हो’, ‘कळलं’, ‘नोटेड’, ‘बघतो’, ‘करून टाकतो’, हात जोडलेलं चित्र, अंगठा: सगळी पोच. ‘बघतो’ तर पोचही धड नाही, तो मराठीतला सभ्य नकार असू शकतो.

गाडीवर परत या. ‘ओके’ ही पोच. ‘१४ ला, सव्वाबारा, नक्की’ हे त्याहून बरं, कारण निदान आकडे बरोबर ऐकले गेले हे कळतं. पण चूक याही उत्तरातून निसटते. १४ तारीख दोघांनीही बरोबर वाचली होती, अर्थ वेगवेगळे लावले होते. ‘म्हणजे १३ ला रात्री जेवून निघायचं ना?’ हा प्रतिसाद, कारण यात मूळ संदेशात नसलेली गोष्ट आहे. ऐकणाऱ्याने स्वतः हिशेब करून ती काढली. तो हिशेब चुकला असता तर आत्ताच दिसला असता.

म्हणजे पोच आणि प्रतिसाद यांच्या मधे आणखी एक पायरी आहे: जसंच्या तसं परत म्हणून दाखवणं. लोक हिलाही प्रतिसाद समजतात आणि खरी ठेच तिथेच लागते. परत म्हटल्याने ऐकण्याची चूक सापडते, समजण्याची सापडत नाही.

विमानवाहतुकीत पोच आणि परत म्हणणं या गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. रेडिओवर ‘रॉजर’चा अर्थ एवढाच की तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं. सिनेमात रॉजर म्हणजे ‘हो’, प्रत्यक्षात तसं नाही. हो-नाहीच्या प्रश्नाला रॉजर म्हणणं चूक धरतात. ‘विल्को’ म्हणजे समजलं आणि तसंच करतो. आणि धावपट्टीवर जाणं, उतरणं, उडणं, उंची, दिशा, वेग, दाबमापकाचा आकडा अशा गोष्टींना रॉजर किंवा विल्को पुरत नाही. सूचना परत म्हणूनच दाखवावी लागते आणि जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरला ती ऐकून ताडावी लागते. हे दुसरं अर्धं काम फार जण विसरतात. समोरचा परत म्हणत असताना तुम्ही पुढच्या कागदात डोकं घातलं असेल, तर तो भिंतीशी बोलतोय.

हे नियम रक्त सांडून कडक झाले. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावर, धुक्यात, केएलएम या डच कंपनीच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हटला आणि शेवटी ‘आता आम्ही टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य जोडलं. कंट्रोलरला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. कंट्रोलर ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, थांबा, मी कळवतो. नेमकं त्याच वेळी धावपट्टीवरच असलेल्या पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीच्या विमानानेही बोलायला सुरुवात केली. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते ‘ओके’, पुढे नुसती शिट्टी. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं.

आपल्याकडची, हरियाणातल्या चरखी दादरीवरची दोन विमानांची टक्कर १२ नोव्हेंबर १९९६ ची, ३४९ मृत्यू. तिथला धडा वेगळा आहे. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर राहायचं होतं आणि समोरून १४,००० वर सौदीचं जंबो येत होतं. रेडिओवर भाषा १५,००० चीच झाली. पण त्या विमानात रेडिओवर बोलणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे. विमान ठरलेल्या पातळीखाली उतरलं. चौकशीत त्या वैमानिकांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानावरही बोट ठेवलं गेलं. आपल्याकडे सून ‘हो डॉक्टर’ म्हणते आणि गोळ्या सासूबाईंना घ्यायच्या असतात, तोच प्रकार. प्रतिसाद घ्यायचा तो काम करणाऱ्याकडून. मधल्या माणसाचं ‘हो’ मधल्यापुरतंच.

दवाखान्यात तर हा फरक रोज लागतो. ‘उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या. कळलं ना?’ ‘हो.’ पेशंट सकाळी चहा पिऊन येतो, कारण चहा म्हणजे काही खाणं नव्हे. एखाद्या घरात उपाशी म्हणजे उपास, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते. शब्द दोघांच्या ओळखीचा, अर्थ दोन. फास्टिंग शुगरला निदान आठ तास पाण्याखेरीज काही चालत नाही. ‘कळलं ना?’ या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःला मठ्ठ ठरवून घेणं, आणि वयाने मोठा माणूस तरुण डॉक्टरसमोर ते कधीच करणार नाही. प्रश्न असा हवा: ‘काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय करणार, सांगा बघू.’ परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही. काका म्हणतील, ‘उठणार, चहा घेणार, रिक्षा पकडणार…’ सापडला चहा. लगेच सांगायचं, ‘चहाही नाही, बिस्किटही नाही, फक्त पाणी,’ आणि पुन्हा एकदा विचारायचं. हे दुसऱ्यांदा विचारणं सहसा गाळलं जातं, आणि मग दुरुस्ती पोचली की नाही तेच कळत नाही.

सगळं सांगून झाल्यावर शेवटी एकदाच विचारणं हीदेखील चूक. दोन-तीन गोष्टी सांगायच्या, परत घ्यायच्या, मग पुढच्या. पाच गोळ्यांचं वेळापत्रक एका दमात सांगितलं तर पहिली आणि शेवटची लक्षात राहिली तरी नशीब.

इथे कुणीतरी हमखास म्हणतो: अहो, चेहऱ्यावरून कळतंच की! ९३ टक्के संवाद देहबोलीने होतो म्हणतात. हा आकडा आता शिबिरांतून हद्दपार व्हायला हवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ च्या प्रयोगांतून शब्द, आवाज आणि चेहरा यांना अनुक्रमे ७, ३८ आणि ५५ हे आकडे आले. प्रयोग होता बोलणाऱ्याच्या भावना, आवड-नावड ऐकणारा कशावरून ओळखतो याचा, तोही सुटे शब्द आणि चेहऱ्यांचे फोटो वापरून. गोळी जेवणाआधी की नंतर, हे ५५ टक्के चेहऱ्यावरून कसं कळेल? मान हलली म्हणजे माणूस जागा आहे. आजी गोष्ट सांगताना नातवाने द्यायचा हुंकार तसाच. हुंकार थांबला की पोर झोपलं, एवढं कळतं. राक्षस का मेला हे पोराला कळलं की नाही, ते कळत नाही.

बाकी फरक किरकोळ आहेत. पोच लगेच मिळते, प्रतिसादाला वेळ लागतो; पोच शब्दाशिवाय देता येते, प्रतिसादाला बहुधा वाक्य लागतं. तोंडी की लेखी याने काही बिघडत नाही.

कुठे प्रतिसाद मागायचाच? जिथे तारीख, आकडा, औषध, पैसा किंवा परत न फिरवता येणारी गोष्ट असेल तिथे. ‘सोमवारपर्यंत द्या’ म्हणजे सोमवार धरून की सोडून? ‘पुढच्या सोमवारी’ म्हणजे येत्या की त्याच्या पुढच्या? फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तर शपथेवर सांगावं इतका घोळ होतो, म्हणून ‘सहा-नऊ’ असे सुटे आकडे म्हणायचे. सोसायटीच्या गटावर ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ हे वाक्य लिहिण्याऐवजी ‘टाकी धुणार आहेत, तुमच्या घरात पाणी किती वाजेपर्यंत भरून ठेवणार ते लिहा’ असं विचारून बघा. कोणी वेळ चुकीची वाचली ते दहा मिनिटांत दिसेल. आणि ‘हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल’ या वाक्यात तर पोचसुद्धा नाही. तिथे शांततेलाच प्रतिसाद ठरवून टाकलंय.

उलट, जिथे पोच पुरते तिथे प्रतिसाद मागू नये. प्रत्येक निरोपाला ‘आता तू काय समजलास ते सांग’ म्हणणाऱ्या साहेबाला लोक टाळू लागतात, ते बरोबरच करतात. पैसे पाठवले तर ‘पाच हजार मिळाले’ एवढं बास. घरी गेल्यावर कळव असं आईने सांगितलं असेल, तर ‘पोचलो’ हा एक शब्द पूर्ण आहे.